वहीतले अडीच किलो

पहाटेचे पाच वाजलेत. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर ट्रकांची रांग अजून तुटलेली नाही. मौद्याच्या आसपास आतल्या रस्त्यांच्या कडेने पोरं धावत असतात. कुणाच्या पायात चांगले बूट, कुणाच्या पायात शाळेतलेच कापडी. वळणावर मोटरसायकल आडवी लावून एक माणूस बसलेला असतो, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. पोरगा समोरून गेला की तो आकडा ओरडतो. पोरगा नुसती मान हलवतो, बोलायला श्वास उरलेला नसतो. त्या माणसाला सगळे ‘सर’ म्हणतात. शाळेत तो काहीही शिकवत नाही.

हे दृश्य विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसेल. त्यामागचं गणित साधं आहे. महाराष्ट्र पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारलं तर पुरे २० गुण, त्यापुढे सेकंदांबरोबर गुण गळत जातात. लेखी परीक्षा त्यानंतर. मैदानावरच जो गळाला, त्याच्या पाठ केलेल्या सामान्य ज्ञानाला कुणी विचारत नाही. म्हणून भरतीची अकॅडमी, म्हणून सर, आणि म्हणून ती पहाट.

एरवी ‘पर्सनल ट्रेनर’ म्हटलं की डोळ्यांसमोर मुंबईतली काचेची जिम येते आणि तिथे एखाद्या नटाला घाम गाळायला लावणारा तगडा माणूस येतो. कन्हान नदीकाठच्या या गावात, जिथे आजूबाजूला धानाच्या बांध्या आहेत आणि तालुक्यात २३२० मेगावॅटचं एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र आहे, तिथे ते चित्र उपरं वाटतं. पण पैसे देऊन कुणाला तरी आपल्या शरीरावर नजर ठेवायला सांगणं इथे नवं नाही. मौद्याच्या पोरांना ट्रेनर हा शब्द कळण्याआधी तो माणूस कळलेला असतो.

खरा नवा आहे तो दुसरा वर्ग. चाळिशी ओलांडलेला. कुणी दुकानदार, कुणी मास्तर, कुणी तीन पाळ्यांत ड्यूटी करणारा. हातात लॅबचा रिपोर्ट, त्यावर साखरेच्या आकड्याभोवती डॉक्टरांनी काढलेला निळा गोल. डॉक्टर म्हणाले, ‘वजन उचलायचा व्यायाम करा.’ मग तो जिम लावतो. मराठीत जिम ‘लावतात’, शिकवणी लावावी, मेस लावावी, पेपर लावावा तशी. एकदा लावली की ती आपोआप होत राहील असा त्या क्रियापदाचाच एक भरवसा आहे. जानेवारीत लावलेल्या जिमा मार्चपर्यंत कशा सुटतात याचं अर्धं उत्तर त्या शब्दातच असावं.

त्या निळ्या गोलाचा हिशोब देशभरचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ‘इंडिआब’ पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख माणसं. रक्तदाब ३५.५ टक्क्यांना, आणि पोटाचा घेर बेताबाहेर गेलेले ३९.५ टक्के. दुसऱ्याच वर्षी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासाने सांगितलं की २०२२ साली जवळपास निम्मे भारतीय प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. २००० साली हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. बायकांत ते आणखी वाईट, ५७ टक्के.

यावर गावाकडे एक ठरलेला आक्षेप येतो. ‘आम्हाला काय जिम? आमचं शेत आहे.’ आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रोवणीच्या दिवसांत चिखलात कंबरेतून वाकून दिवसभर पऱ्हे लावणाऱ्या बाईला व्यायामाचं महत्त्व सांगायला जाणाऱ्याने आधी तासभर तिच्या शेजारी वाकून पाहावं. पण इथेच एक विचित्र गोष्ट आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने १९५३ साली दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकाराचा त्रास बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कमी होता. व्यायामाच्या आधुनिक विज्ञानाची सुरुवात अनेक जण इथून मानतात. पुढे अर्ध्या शतकाने आंद्रेआस होल्टरमान या डॅनिश संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उलटी बाजू मांडली: कामावरचे जड कष्ट शरीराला व्यायामासारखे मानवतातच असं नाही. कारण कष्टात मात्रा आपल्या हाती नसते. आठ-आठ तास एकाच कोनात वाकणं, दिवसभर चढलेला रक्तदाब, विसावा नाही. व्यायाम थोडा वेळ जोर लावतो आणि मग शरीराला भरून यायला सोडतो. कष्ट सोडतच नाहीत. पाठ मोडते, मांडी भरत नाही.

शिवाय शेतसुद्धा बदललं. हार्वेस्टर आला, बांधापर्यंत मोटरसायकल जाते. आणि वीज केंद्रातली किंवा बँकेतली नोकरी करणाऱ्याचं शेत बहुधा ठेक्याने दिलेलं असतं.

दुसरा आक्षेप बारीक माणसांचा. ‘माझं वजन तर बरोबर आहे.’ त्यांच्यासाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा किस्सा आहे, आणि तो वैद्यकीय साहित्यात ‘वाय-वाय विरोधाभास’ या नावाने गाजला. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन शास्त्रज्ञांचा शेजारी शेजारी उभा फोटो आला: एक याज्ञिक, दुसरे त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन. दोघांच्याही नावाची सुरुवात इंग्रजी ‘वाय’ने. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी एकच, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काटा सारखा, आतला माल वेगळा. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार आणि स्नायू कमी, असा हा आपला देशी बांधा. म्हणून आपल्याकडे निर्देशांक २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात, आणि कंबर पुरुषाची ९० सेंटीमीटर व बाईची ८० सेंटीमीटर ओलांडली की घंटा वाजते. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप इथे खरं बोलते.

तर असा रिपोर्टवाला माणूस पहिल्या दिवशी जिममध्ये येतो. येताना त्याने ठरवलेलं असतं की आज ट्रेडमिलवर अर्धा तास. चांगला ट्रेनर त्याला ट्रेडमिलवर चढूच देत नाही. आधी वही उघडतो. वय? बीपीची गोळी चालू आहे का? घरात कुणाला हृदयविकार? छातीत कधी दुखलं, चक्कर आली? जुनं ऑपरेशन? झोप किती, ड्यूटी कुठल्या पाळीची? हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते ज्या जिममध्ये होत नाही तिथून माणसाने चपला घालून परत यावं.

मग ट्रेनर एक प्लास्टिकची खुर्ची ओढतो.

‘बसा, काका.’

काका बसतात.

‘आता उठा. हात नाही टेकवायचे.’

काका उठतात, पण उठताना दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकतात आणि टाचा जमिनीवरून किंचित सुटतात. काकांना यातलं काही कळलेलं नसतं. ते उठले, संपलं.

‘गुडघे आत येऊन राहिले, काका,’ ट्रेनर म्हणतो आणि खाली उकिडवा बसून त्यांच्या गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला दोन-दोन बोटं टेकवतो. ‘माझी बोटं बाहेर ढकलत उठा.’ आता काका उठतात तेव्हा मांडीच्या बाहेरचा आणि ढुंगणाचा स्नायू कामाला लागतो. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो. चौथ्या वेळी त्यांचा चेहरा लाल होतो, कारण त्यांनी श्वास रोखून धरलाय. ‘उठताना श्वास सोडा.’ रक्तदाब असलेल्या माणसाने जोर लावताना श्वास कोंडला तर दाब उसळतो, म्हणून ही सूचना शोभेची नाही. दहा वेळा उठबस झाली. मिनिटभर विश्रांती. असे तीन सेट. वहीत नोंद: ‘खुर्ची, १० × ३. डावा गुडघा आत.’

पर्सनल ट्रेनिंगचे पैसे जातात ते या शेवटच्या तीन शब्दांसाठी. यंत्रं सगळ्यांना सारखी आहेत, व्यायाम यूट्यूबवर फुकट आहेत. डावा गुडघा आत येतो हे मात्र कुणीतरी पाहावं लागतं, आणि पुढच्या मंगळवारी ते आठवावं लागतं. याचा पुरावाही आहे. २००० साली अमेरिकेत २० तरुणांवर एक छोटा प्रयोग झाला. सगळ्यांना १२ आठवडे एकच वेळापत्रक दिलं. अर्ध्यांवर प्रशिक्षकाची थेट नजर, अर्धे आपले आपण. नजरेखालच्यांची ताकद जास्त वाढली. कारण शोधलं तेव्हा लक्षात आलं की त्यांनी वजन लवकर लवकर वाढवत नेलं होतं. एकट्याने करणारा माणूस जिथे जमतं तिथेच रेंगाळतो. (काही जण उलटं करतात: पहिल्याच दिवशी शेजारच्या पोराएवढं उचलायला जातात आणि आठवडाभर जिना उतरताना कठडा धरतात.)

वजन हळूहळू वाढवायचं, या तत्त्वाला एक जन्मकथा आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन आलेल्या सैनिकांचे गुडघे महिनोन् महिने दुरुस्त होत नव्हते. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता, त्याला स्वतःला वजनं उचलायचा नाद. त्या काळी अशक्त स्नायूला हलका व्यायाम खूप वेळा द्यायची रीत होती. डीलॉर्मने उलटं केलं: जड वजन, मोजक्या वेळा, आणि दर आठवड्याला थोडं अधिक. १९४५ साली त्याने निष्कर्ष छापले. जगातल्या कुठल्याही जिममध्ये आज ‘दहाचे तीन सेट’ म्हणतात, त्याचं मूळ शोधत गेलं की या माणसापर्यंत पोचतो.

मौद्यातल्या वहीत हे कसं दिसतं? तिसऱ्या आठवड्यात खुर्ची जाते. सहाव्यात हातात डंबेल येतो. मग कधीतरी बार खांद्यावर. बारच्या दोन्ही टोकांना लावायची सगळ्यात छोटी प्लेट बहुधा सव्वा किलोची असते, म्हणजे एका वेळी वाढ अडीच किलोची. जिममधल्या सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे या सव्वा किलोच्या प्लेटा. पोरांना त्या लावायची लाज वाटते. एकदम दहाची उचलायची आणि कंबर धरून बसायचं, हे त्यांना शोभतं. जाणता ट्रेनर त्या प्लेटा जपून ठेवतो. पंधरवड्याला अडीच किलो म्हणजे वर्षाला पासष्ट, असा सरळ हिशोब कुणाच्याच शरीरात चालत नाही. काही महिन्यांनी वाढ अडते, मग वजन कमी करून पुन्हा चढ लावावा लागतो. पण सुरुवातीच्या माणसाला तो चढ हमखास मिळतो, आणि गंमत अशी की पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद स्नायूंची फारशी नसते. मेंदू आणि नसा जुन्याच स्नायूंना कामाला लावायला शिकतात. आरशात काही दिसत नाही, वहीत मात्र दिसतं. याच काळात लोक जिम सोडतात, कारण ते आरसा बघतात.

नजर, नोंद आणि मोजून वाढवलेली मात्रा. हे तिन्ही महाराष्ट्राला जिमच्या आधीपासून ठाऊक होतं. आखाड्यातला वस्ताद जोर-बैठका मोजायचा. पोरगा काल किती बैठका मारून थांबला हे त्याला वहीशिवाय पाठ असायचं. करेल्याची जोडी कुणी कधी बदलायची, मुद्गल कुणी फिरवायचा, खुराकात तूप किती, हे तोच ठरवायचा. मल्लखांबाचा ज्ञात इतिहास दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांपर्यंत नेता येतो, आणि त्यांची ख्याती प्रामुख्याने शिकवणारे म्हणून आहे. विदर्भात तर या परंपरेचं मोठं घर अमरावतीला आहे. अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या भावांनी १९१४ साली सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं केली, आणि १९४९ साली स्टॉकहोमच्या ‘लिंगियाड’ या व्यायाम महोत्सवालाही त्यांची माणसं गेली. शिकवणाऱ्यांना शिकवायचं, हा त्या संस्थेचा खरा उद्योग. तिथून शारीरिक शिक्षण घेतलेले मास्तर विदर्भातल्या शाळाशाळांत पोचले. त्याच सुमारास बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदार व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढत होते, १९३६ ते १९४९. व्यायामावर दहा खंड! आज मराठीत ट्रेनरसाठी चांगलं पाठ्यपुस्तक शोधायला गेलं तर दमछाक होते.

आधुनिक जिमही आपल्याकडे मराठी हातांनीच रुजवली. विष्णुपंत तळवलकरांनी १९३२ साली मुंबईत व्यायामशाळा काढली. पुढच्या पिढीने तिची साखळी केली, आणि २०१० साली ती कंपनी शेअर बाजारात उतरली. मातीच्या जागी रबराची चटई आली, वस्तादाच्या जागी टी-शर्टवर ‘ट्रेनर’ छापलेला मुलगा.

या बदलात एक चांगलं झालं, ते मोकळेपणाने म्हणायला हवं. जुन्या आखाड्यात बाईला पाऊल टाकता येत नसे. आता तालुक्याच्या जिममध्येही दुपारी ‘लेडीज बॅच’ असते. तिशीनंतर स्नायू दर दशकाला काही टक्क्यांनी कमी होत जातात आणि पाळी थांबल्यावर बाईचं हाड वेगाने ठिसूळ होऊ लागतं. दोन्हींवर वजन उचलणं हा उपाय आहे. ‘बाईने वजन उचललं तर पुरुषासारखे डोले येतात’ ही भीती निराधार आहे, तेवढं टेस्टोस्टेरॉन तिच्या शरीरात नसतंच. डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून चालणाऱ्या बायका ज्या भागात पिढ्यान् पिढ्या आहेत, तिथे ही भीती कुठून आली हे एक कोडंच आहे.

पण वस्तादाबरोबर एक गोष्ट गेलीसुद्धा. वस्ताद कोण, कुणाचा पठ्ठ्या, हे गावाला माहीत असायचं. ट्रेनर कुठून आला? त्याला कायद्याने परवाना लागत नाही. शारीरिक शिक्षणाची पदवी देणारी महाविद्यालयं नागपुरात आहेत, केंद्राच्या कौशल्य विकास योजनेखाली फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आहे, खासगी संस्थांचीही प्रमाणपत्रं आहेत. यातलं काहीच नसलेला, फक्त स्वतःचे दंड कमावलेला मुलगाही उद्यापासून ट्रेनर होऊ शकतो. दंड कमावणं आणि बावन्न वर्षांच्या मधुमेही माणसाचा गुडघा ओळखणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत. जिम लावणाऱ्याने ‘तुम्ही कुठे शिकलात?’ हे विचारायला लाजू नये. विचारल्यावर जो रागावतो, त्याने उत्तर दिलंच.

सगळ्यात जास्त नुकसान घाईने होतं. लग्न तीन महिन्यांवर, भरती दोन महिन्यांवर, मग डब्यातली पावडर आणि त्याहून वाईट म्हणजे सुई. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडने स्नायू फुगतात हे खरं. हृदय, यकृत आणि वंध्यत्व यांचा हिशोब नंतर येतो. प्रोटीन पावडर हे विष नाही, बहुतेकदा दुधाचाच अर्क आहे. मात्र २०२४ साली भारतीय बाजारातल्या ३६ पावडरी तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे ७० टक्के डब्यांवर लिहिलेलं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळलं नाही.

विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्लीच्या जिममध्ये ट्रेडमिलवर कोसळले आणि सप्टेंबरमध्ये गेले, तेव्हापासून घराघरांत एक प्रश्न आहे: जिमने माणूस मरतो का? आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध केला. घरात असे मृत्यू झालेले असणं, कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेलं असणं, मृत्यूच्या आदल्या ४८ तासांत भरमसाठ दारू किंवा जबर शारीरिक जोर, यांचा धोक्याशी संबंध दिसला. कोविडच्या लसीने धोका वाढल्याचं दिसलं नाही. यातल्या ‘जबर’वर बोट ठेवायला हवं. पहिल्या दिवशीच्या त्या पाच मिनिटांच्या प्रश्नांची आणि सव्वा किलोच्या प्लेटांची गरज इथे कळते.

खाण्याचं काय? इंटरनेटवरून उतरवलेला डाएट चार्ट तालुक्याच्या जिममध्ये भिंतीवर चिकटलेला असतो: ओट्स, ब्रोकोली, उकडलेली चिकन ब्रेस्ट. धानाच्या मुलखातल्या माणसाच्या ताटात यातलं काही नसतं. त्याच्या ताटात भात असतो, आणि तो राहणार. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने सामान्य माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम. वजन उचलणाऱ्याला थोडं अधिक. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम फुटाण्यांत वीसच्या आसपास, शंभर ग्रॅम कोरड्या सोयावडीत पन्नासच्या वर. भाताचा ढीग अर्धा करून डाळीची वाटी दुप्पट करायची, सकाळच्या तर्री-पोह्यावर मूठभर चणे जास्त मागायचे, जवसाची चटणी आजीच्या काळासारखी परत आणायची, एवढ्याने बहुतेकांचं भागतं. जो ट्रेनर समोरच्याला ‘घरी आज काय केलं?’ विचारून मग सांगतो, त्याचा सल्ला महिनाभर तरी टिकतो.

नागपूरकरांना आहारावरचा वाद तसाही नवा नाही. काटोलच्या बाजूचे डॉ. श्रीकांत जिचकार, ज्यांच्या पदव्यांचीच गोष्ट सांगितली जाते, ते व्याख्यानांतून दिवसात दोनदाच जेवा म्हणून सांगत. २००४ साली अपघातात ते गेले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो विचार ५५ मिनिटांच्या दोन जेवणांच्या रूपात महाराष्ट्रभर नेला. ऋजुता दिवेकरांसारख्या आहारतज्ज्ञ थोडं थोडं वारंवार खा म्हणत होत्या, आणि २०१८ च्या आसपास मराठी घरांत यावरून जेवणाच्या टेबलावर भांडणं झाली. ट्रेनरने या भांडणात न पडलेलं बरं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचं जेवण बदलायचं काम त्याचं नाही, डॉक्टरांचं आहे.

पाळीवाल्यांची अडचण वेगळी. रात्रपाळी करून सकाळी सहाला सुटलेल्या माणसाला ‘पहाटे पाचला उठा’ सांगणारा ट्रेनर कामाचा नाही. त्याचं वेळापत्रक घड्याळावर न ठेवता पाळीवर ठेवावं लागतं: दिवसपाळीच्या आठवड्यात तीन दिवस, रात्रपाळीच्या आठवड्यात दोन, आणि तेही झोप काढून झाल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही तशी फार कडक नाही: आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा तत्सम काही, आणि दोन दिवस स्नायूंना जोर. दोनच दिवस. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो तेव्हा मौद्यात तेवढं जमलं तरी पुष्कळ.

आणि ट्रेनर कायमचा लागतो का? पहिले तीन-चार महिने लागतो, असं बहुतेक प्रामाणिक ट्रेनर स्वतःच सांगतील. मोठ्या शहरात तासाचा दर इतका असतो की तो कायमचा परवडतही नाही. तालुक्याच्या गावी बहुतेकदा एकच ट्रेनर दहा जणांवर नजर ठेवतो, ‘पर्सनल’ वेगळं मिळतंच असं नाही. अशा वेळी वही स्वतः लिहावी आणि महिन्यातून एकदा त्याच्यापुढे धरावी. तो ती पाहतो, दोन ओळींखाली रेघ मारतो, एखादं वजन खोडतो.

ब्राझीलचे डॉक्टर क्लॉडिओ जिल अराउजो यांनी २०१२ साली ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांचा अभ्यास छापला. चाचणी एकच: जमिनीवर बसा आणि उठा. पूर्ण गुण दहा. बसताना-उठताना हात टेकला, गुडघा टेकला की प्रत्येकी एक वजा. कमी गुणवाल्यांत पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. मौद्याच्या बाजूला ही चाचणी दर लग्नसराईत होते, फक्त तिला पंगत म्हणतात. जेवण आटोपतं, पत्रावळी उचलायला पोरं येतात आणि चाळिशीतली माणसं शेजाऱ्याच्या खांद्याला धरून, एक हात जमिनीवर, ‘अरे रामा’ म्हणत उठतात.

सहा महिन्यांनी त्या काकांच्या वहीत किलोंच्या रकान्याबाहेर, पानाच्या कडेला ट्रेनरने पेनाने लिहिलेलं असतं: ‘खाली बसून उठणे. उजवा हात टेकला. गुडघा नाही.’